‘ल’चा ‘न’: कोपरगावच्या बिननावाच्या बोलीबद्दल

डॅनिश आणि तिबेटी या दोन भाषांच्या बोलींची तुलना करा, असं कुणी म्हटलं तर आधी हसू येतं. एकीकडं समुद्राला टेकलेला सपाट, सायकलींचा देश. दुसरीकडं जगाचं छप्पर. पण या दोन भाषा आणि आपली मराठी एका माणसाच्या टेबलावर एकत्र आल्या होत्या. त्यांचं नाव स्टेन कोनो. जन्म १८६७, देश नॉर्वे. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातल्या भाषांचं जे अवाढव्य सर्वेक्षण केलं, त्यातला मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो कोनोंनी तयार केलेला. तिबेटी बोलींचा भाग १९०९ साली आला, त्यातही बरंच काम त्यांच्या हातचं. आणि डॅनिश? नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या राजाखाली होता. राजा गेला तरी पुढं कितीतरी वर्षं नॉर्वेत लिहायची भाषा डॅनिशच राहिली. लोक बोलायचे एक, लिहायचे दुसरं. ईवार आसेन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८४२ ते ४६ अशी चार वर्षं गावोगाव हिंडला, बोली गोळा केल्या आणि त्यांच्यातून एक नवी लेखी भाषा उभी केली. १८८५ साली तिथल्या संसदेनं तिला डॅनिश वळणाच्या भाषेबरोबरचा दर्जा दिला. कोनो तेव्हा अठरा वर्षांचे होते.

अशा देशातून आलेल्या माणसानं मराठीच्या बोलींचा खंड लिहिला, हे मला फार गमतीचं वाटतं. आणि त्या खंडात माझ्या गावाचं काय झालं, हे त्याहून.

सर्वेक्षणाची पद्धत अशी, की बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यातून स्थानिक बोलीत करून मागवायची. सोबत एखादी तिथलीच गोष्ट किंवा कैफियत, शिवाय शब्दांची आणि वाक्यांची एक ठरावीक यादी. हे कागद सरकारी अधिकाऱ्यांमार्फत जमा होत. मग त्यांची प्रतवारी. मराठीची प्रमाण बोली देशावरची धरली गेली आणि नगर जिल्हा देशावरच. म्हणजे कोपरगाव ‘प्रमाण’ घरात जमा. उत्तरेला, मालेगावच्या बाजूला सुरू होते ती अहिराणी. तिला सर्वेक्षणानं ‘खानदेशी’ म्हटलं आणि मराठीच्या खंडातून उचलून १९०७ सालच्या नवव्या खंडात भिल्ली बोलींच्या शेजारी नेऊन ठेवलं. वऱ्हाडी-नागपुरीला सातव्या खंडातच वेगळी जागा मिळाली. कोकणाला मिळाली. कोपरगाव सातव्या आणि नवव्या खंडांच्या मधल्या बांधावर राहिलं. तिथं काही वेगळं बोललं जातं, याची नोंद करायची कुणाला गरज पडली नाही.

वेगळं काय बोललं जातं? कोपरगावच्या बसस्टँडवर कुणाला फोन आला, की ऐका. ‘काय करू राह्यला?’ ‘काही नाही, जेवू राह्यलो.’ ‘मग कधी येऊ राह्यला?’ पुण्यात याला ‘करतोय’, ‘जेवतोय’, ‘येतोय’ म्हणतात. नागपूर-अमरावतीकडं ‘करून राह्यलो’. मालेगाव-सटाण्याच्या अहिराणीत ‘करी ऱ्हायनू’. आमच्याकडं ‘करू राह्यलो’. एवढुसा फरक. ‘करू’, ‘करून’, ‘करी’.

पुणेरी कानाला हे सगळं एकच वाटतं आणि त्यावरचा शेराही ठरलेला असतो: ‘हे हिंदीतून आलंय. कर रहा हूँ.’ हिंदीचा शेजार आहे, नाकारायचं कारण नाही. पण हिंदीत ‘राहणे’च्या आधी उघडा धातू येतो, ‘कर’. आम्ही तिथं ‘करू’ घालतो, वऱ्हाडी माणूस ‘करून’, अहिराणी बोलणारा ‘करी’. एकच कल्पना चार घरांत गेली आणि प्रत्येक घरानं तिला आपल्या व्याकरणातलं लुगडं नेसवलं. याला उसनवारी म्हणायचं तर म्हणा. माझ्या मते हा बोलींच्या तुलनेचा इतका सुंदर नमुना आहे, की तो बसस्टँडवर फुकट ऐकायला मिळतो याचंच नवल.

दुसरा नमुना जास्त बदनाम आहे. कोपरगाव म्हटलं की इतिहासवाले राघोबादादांचा वाडा दाखवतात. दादा १७८३ साली इथंच वारले. त्यांच्या घराण्याभोवती मराठीतली सगळ्यात प्रसिद्ध अक्षरबदलाची दंतकथा फिरते. ‘ध’चा ‘मा’. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं आणि नारायणरावाचा जीव गेला, अशी ती कथा. खरीखोटी इतिहासकारांनी ठरवावी. पण आमच्या गावात आजही रोज एक अक्षर बदलतं आणि त्याची कुणी दंतकथा करत नाही. आमच्याकडं ‘ल’चा ‘न’ होतो. ‘पाऊस येईन.’ ‘दादा उद्या जाईन.’ ‘ती करीन ना सैपाक, तू कशाला काळजी करतो?’ येवल्यात हेच, वैजापुरात हेच आणि पूर्वेकडं छत्रपती संभाजीनगरच्या पुढंही बऱ्याच लांबपर्यंत हेच.

प्रमाण मराठीत ‘येईन’ फक्त ‘मी’चं. त्यामुळं ‘पाऊस येईन’ हे वाक्य वहीत उतरलं की लाल शाई. माझ्या वहीतही होती, माझ्या बहिणीच्याही. मास्तर स्वतः मधल्या सुट्टीत ‘पाऊस येईन वाटतं’ म्हणत आभाळाकडं बघायचे आणि तास सुरू झाला की ‘येईल’ म्हणायचे. त्यात ढोंग नव्हतं. त्यांना दोन्ही येत होतं आणि त्यातलं एक शाळेचं आहे हे पक्कं माहीत होतं. आम्हाला मात्र असं शिकवलं गेलं, की एक भाषा आहे आणि दुसरी चूक आहे. फरक शिकवला असता तर दोन्ही राहिल्या असत्या. चूक शिकवली, म्हणून एक जाऊ लागली.

इथं डेन्मार्क कामाला येतो. तो देश महाराष्ट्रापेक्षा कितीतरी लहान, तरी बोली भरपूर. प्रमाण डॅनिशमध्ये ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘ते घर’ म्हणायचं तर शब्दाला मागून शेपूट लावतात. पण जटलंड द्वीपकल्पाच्या पश्चिम भागात हे शेपूट नाही. तिथं शब्दाच्या पुढं एक छोटा स्वतंत्र शब्द येतो. म्हणजे एकाच भाषेतला एक भाग प्रत्यय मागं लावतो आणि दुसरा पुढं. लिंगाचंही तसंच. प्रमाण डॅनिशमध्ये लिंगं दोन. बोर्नहोल्म बेटाच्या बोलीनं जुनी तीन टिकवली, आपल्या तो-ती-ते सारखी. पश्चिम जटलंडमध्ये भेद जवळजवळ पुसलाच गेला. हे फरक ‘लई’ आणि ‘खूप’ असले वरवरचे नाहीत. वाक्याच्या सांगाड्यातले आहेत. आणि तरीही विसाव्या शतकात शाळा, रेडिओ, नोकऱ्या आणि कोपनहेगनचा दबदबा यांनी या बोली इतक्या सपाट केल्या, की आज तरुण डॅनिश माणसाच्या बोलण्यात बहुतेक ठिकाणी गावाची फक्त चाल उरलीय. सांगाडा राजधानीचा, चाल गावची. सगळे साक्षर, सगळे सुखी, कुणावर जबरदस्ती नाही. बोली मरायला जुलूम लागतोच असं नाही, नीट चाललेली शाळाही पुरते.

यात एक विनोद असा, की ज्या डॅनिशनं आपल्याच बोली खाल्ल्या, तिचे स्वतःचे उच्चार कागदापासून इतके दूर गेलेत, की शेजारचे नॉर्वेकर त्यावर जोक करतात. ‘कामेलोसो’ असा शोध घ्या. नॉर्वेच्या टीव्हीवरचं ते प्रहसन यूट्यूबवर आहे: डॅनिश लोकांना आता एकमेकांचं बोलणं कळत नाही, म्हणून ते दुकानात तोंडाला येईल तो शब्द फेकतात आणि समोरचा तोंडाला येईल ती वस्तू देतो.

तिबेटीची गोष्ट उलट दिशेनं जाते. तिथं लिपी सातव्या शतकातली आणि नवव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेलिंग घट्ट झालं ते झालंच. माणसं मात्र डोंगराआड पसरत गेली. मध्य तिबेटमधली ल्हासाची बोली, पूर्वेची खाम, ईशान्येची आमदो. ल्हासात सुरांवरून शब्दाचा अर्थ बदलतो, आमदोत सूर नाहीत. आमदोचा मेंढपाळ आणि ल्हासाचा दुकानदार समोरासमोर आले तर बोलणं अडतं. कागदावर लिहिलं की सुटतं. निकोला तूर्नाद्र यांच्यासारखे अभ्यासक तर म्हणतात, की या बोली नव्हेतच. एका जुन्या तिबेटीपासून निघालेल्या पन्नासएक भाषांचं हे कुटुंब आहे.

मला त्यातलं एक उदाहरण विसरता येत नाही. तिबेटीत ‘आठ’ हा आकडा लिहिताना ब, र, ग, य, द अशी अक्षरं येतात. ल्हासात त्यातली सुरुवातीची आणि शेवटची गप्प झाली. ऐकू येतं ते नुसतं ‘ग्ये’सारखं काहीतरी. पण पश्चिमेला कारगिल आणि बाल्टिस्तानात बाल्टी बोलली जाते, तिथं यातली बरीचशी अक्षरं अजून तोंडात आहेत. आणि बाल्टी लोकांनी काही शतकांपूर्वी इस्लाम स्वीकारला, तिबेटी लिपीशी त्यांचा रोजचा संबंध राहिला नाही. ज्यांनी लिपी सोडली, त्यांच्या तोंडात तिचं स्पेलिंग शिल्लक. ज्यांनी लिपी जपली, त्यांच्या तोंडातून ते गळून गेलं.

माझी आजी वैजापूरकडची. अक्षरओळख नाही. ती ‘मी केलं’ असं म्हणायची नाही, ‘म्या केलं’ म्हणायची. घरात आम्ही हसायचो. ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशात जे सांगितलं, त्यात हे रूप ‘मियां’ असं आहे. म्हणजे ‘माझ्याकडून’, करणाऱ्याचं वेगळं रूप. प्रमाण मराठीनं ते टाकून दिलं, आता ‘मी येतो’ आणि ‘मी केलं’ यांत ‘मी’ एकच. नेवासं आमच्याच जिल्ह्यात. ज्ञानेश्वरीची पारायणं करणारे लोक ‘म्या’ला गावठी म्हणतात आणि अक्षरओळख नसलेल्या बाईच्या तोंडात ते सातशे वर्षं सुखानं नांदतं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा जुनेपणाचे पुरावे म्हणून शिलालेख आणि पोथ्या पुढं ठेवल्या गेल्या. ते बरोबरच. पण त्यातला काही जुनेपणा अजून चुलीपुढं बसून भाकरी थापतो.

म्हणजे बोलींची तुलना करायची तर ‘कुणाकडं किती वेगळे शब्द’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. लिहिणं आणि तोंड यांच्यामध्ये काय चाललंय, ते बघायला हवं. डेन्मार्कात शाळेच्या लिहिण्यानं आणि राजधानीच्या बोलण्यानं मिळून गावाची तोंडं आपल्याकडं ओढली. तिबेटात लिहिणं जागीच बसलं आणि तोंडं चहूकडं गेली. कोपरगावात या दोन्ही गोष्टी एकाच फोनवर घडतात. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वैजापूरला दिलेली आत्या आहे. तिचा व्हॉइस मेसेज येतो, ‘आम्ही निघू राह्यलो, तासाभरात येऊ.’ आणि हात मोकळे असले, टाइप करायचं असलं, की तीच आत्या लिहिते, ‘आम्ही निघत आहोत.’ लिहिताना ती तिबेटी, बोलताना आमदो. तिची नात पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, ती बोलतेही ‘निघतोय’. ती डॅनिश झाली.

वैजापूरचं नाव निघालंच आहे तर एक सांगून टाकतो. कोपरगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं, वैजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आत्याचे सासरे उर्दूतून शिकले, माझे आजोबा मराठीतून. नाणं वेगळं, तहसील वेगळी, पोलीस वेगळे. सीमेच्या दोन्ही बाजूंना ‘करू राह्यलो’ मात्र एकच. उलट कोपरगाव आणि पुणे दोन्ही इंग्रजांकडं, एकाच इलाख्यात, १८७८ पासून दौंड-मनमाड रेल्वेनं दौंडमार्गे जोडलेले, तरी ही रेघ पुण्यापर्यंत पोचली नाही. राजकीय नकाशा घेऊन बोली शोधायला निघालेल्या माणसाची इथं फजिती होते.

पुन्हा, गाव स्वतः एका जागी थांबलेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीचे कालवे आले, ऊस आला, उसामागं सासवडकडचे माळी बागायतदार आले. त्यांच्या गुऱ्हाळांनंतर साखर कारखाने. कारखान्यामागं बीड-पाथर्डीकडचे ऊसतोड मजूर. दिवाळीच्या सुमारास ते येतात, उन्हाळा लागला की जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणायचं, हे त्यांच्या धंद्याचं भाषाशास्त्र. ‘मुकादमाकडं वीस कोयते आहेत’ म्हणजे चाळीस माणसं. १५ किलोमीटरच्या आसपास शिर्डी, तिथं तेलुगू, तमिळ, हिंदी, गुजराती सगळं चालतं. आमच्याकडचा हारवाला चार भाषांत भाव करतो. अशा गावात ‘शुद्ध बोली’ शोधणाऱ्यानं शोधत बसावं.

आणि नेमकं हेच आजच्या बोलीप्रेमात बसत नाही. बोलींचं सध्या बरं चाललंय, असं दिसतं तरी. अहिराणीची गाणी कोट्यवधी लोक पाहतात, वऱ्हाडी रील आहेत, मालवणीची तर मच्छिंद्र कांबळी यांच्या ‘वस्त्रहरण’पासूनची रंगभूमी आहे. बोलींची संमेलनं होतात. मला याचा आनंद आहे. पण या सगळ्याची अट एकच: बोलीला नाव पाहिजे. नाव असलं की टी-शर्ट छापता येतो, चॅनेल काढता येतं, संमेलनाला अध्यक्ष मिळतो. भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण गणेश देवी यांच्या पुढाकारानं झालं, त्याचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. अनेक उपेक्षित, भटक्या समाजांच्या भाषा त्यात पहिल्यांदा मराठी वाचकासमोर आल्या, हे मोठं काम. पण रचना तीच: ज्या भाषेला नाव, तिला प्रकरण. दोन प्रकरणांच्या मधली जागा कोरी राहते आणि महाराष्ट्रातली निम्मी माणसं त्या कोऱ्या जागेत राहतात.

नाव असण्यातही सुख नसतं म्हणा. बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापल्या गेल्या, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेनं गाजल्या आणि तेव्हापासून अर्धा महाराष्ट्र त्यांची भाषा ‘अहिराणी’ म्हणून सांगतो. जळगावकडचे लोक कंटाळून सांगतात, की ही लेवा गणबोली आहे, अहिराणी नव्हे. फरक काही डोळ्यांत खुपणारे आहेत. अहिराणीत ‘माझं’ला ‘मनं’ आणि ‘तुझं’ला ‘तुनं’ म्हणतात. बहिणाबाईंच्या भाषेचा तो सांगाडाच नव्हे. पण खानदेश म्हटलं की अहिराणी, असं लेबल एकदा चिकटलं, मग कवितेत काय लिहिलंय ते वाचायची गरज उरत नाही. नावाच्या आधारानं वाचणारा टीकाकार आळशी होतो, त्याचं हे उदाहरण.

साहित्याकडं वळलो तर माझी तक्रार जरा तीव्र आहे. मराठी ग्रामीण साहित्यानं बोली आणली, असं आपण शिकतो. कुठं आणली ते बघा. अवतरणचिन्हांच्या आत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगर आपल्या भाषेत बोलतात, मास्तर आपल्याला गोष्ट सांगतो ती प्रमाण भाषेत. तिथं ते शोभतंही, कारण सांगणारा बाहेरून आलेला मास्तरच आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) वऱ्हाडी संवाद इतके जिवंत आहेत, की कौतिक बोलायला लागली की तिच्या घरातला धूर आपल्या डोळ्यांत जातो. पण पात्रं बोलायची थांबली आणि लेखक बोलायला लागला, की भाषा बदलते. हा करार पुढं शेकडो कथा-कादंबऱ्यांनी मुकाट्यानं पाळला. माणसांनी गावासारखं बोलायचं, लेखकानं पुस्तकासारखं सांगायचं. पाऊस पात्रांसाठी ‘येईन’, निवेदकासाठी ‘येईल’. विचार करणारा, वर्णन करणारा, काळाचा हिशेब ठेवणारा आवाज प्रमाण. रडणारा, भांडणारा, शिव्या देणारा आवाज बोलीत.

रा. रं. बोराडे यांनी ‘पाचोळा’त (१९७१) हा करार मोडला. पार्वती स्वतः सगळं सांगते, तिच्या मराठवाडी बोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. निवेदन आणि संवाद यांच्यातली भिंतच पाडली. पन्नास वर्षं उलटली. ‘पाचोळा’चं कौतुक सगळ्यांनी केलं. त्या वाटेनं किती जण गेले? त्या भाषेत अवघड विचार करता येतो, शंका घेता येते, मौन धरता येतं हे पार्वतीनं दाखवून दिलं होतं. आपण तिला ‘ग्रामीण’च्या कप्प्यात ठेवलं आणि पुन्हा अवतरणचिन्हांकडं आलो.

सिनेमानं याबाबतीत थोडं जास्त धाडस केलं. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’नं (२०१६) करमाळ्याकडची भाषा मल्टिप्लेक्समध्ये नेली आणि नायिकेच्या तोंडी दिली, नोकराच्या नाही, हे महत्त्वाचं. पण त्यानंतर काय झालं? ‘सैराट’ची भाषा म्हणजे गावाची भाषा, असा नवा साचा तयार झाला. ऑडिशनला येणारं नाशिकचं पोरगंही करमाळ्याचा हेल काढायला लागलं. मला त्याहून जवळचा वाटतो भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’. आमच्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडच्या दिग्दर्शकाचा. नावातच बोली आहे, ‘खोडा’चा ‘ख्वाडा’. त्याला जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही मला पुरस्कारांच्या यादीतली सगळ्यात बोलकी नोंद वाटते. माणसं जिथं बोलतात तिथंच त्यांचा आवाज पकडला. नंतर एसी स्टुडिओत बसून ‘गावरान’ डबिंग केलं नाही. डबिंगमध्ये शब्द गावाचे राहतात, पण श्वास आणि दोन शब्दांमधली थांबायची जागा शहराची होते.

आता हा लेख कोणत्या भाषेत आहे, तेही बघू. ‘असं’, ‘केलं’, ‘चाललंय’, ‘आलंय’. दोन पिढ्यांपूर्वी हे छापील निबंधात चाललं नसतं. ‘असे’, ‘केले’, ‘चालले आहे’ लिहावं लागलं असतं. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी बोलण्यातल्या रूपांना दार किलकिलं केलं, लेखकांनी ते सताड उघडलं आणि आता वेबवरचं बहुतेक मराठी गद्य असंच आहे. ‘बोलल्यासारखं लिहा’ हा उपदेश यशस्वी झाला. फक्त कुणाच्या बोलल्यासारखं, हे सांगायचं राहिलं. ‘करतोय’ हेसुद्धा तोंडातलंच रूप, ‘करतो आहे’चं आकसलेलं. त्याला छापायला मिळालं. ‘करू राह्यलो’ हे तितकंच तोंडातलं, त्याला अवतरणचिन्हं लागतात. मी या लेखात ती लावली आहेत, तुम्हीही मोजून बघा. पुण्याच्या तोंडाला आपण ‘सहज शैली’ म्हणतो आणि कोपरगावच्या तोंडाला ‘बोली’.

फोनचा कीबोर्ड हेच यंत्रानं करतो. ‘येऊ रा’ इतकं टाइप केलं की तो ‘राहिलो’ सुचवतो, ‘ह्य’ची त्याला कल्पना नाही. तक्रार क्षुल्लक वाटेल. पण डेन्मार्कच्या शाळेला जे करायला तीन पिढ्या लागल्या, ते ही पट्टी दिवसाला पन्नास वेळा करते, हसतमुखानं, लाल शाई न वापरता.

म्हणून अलीकडच्या कामांपैकी मला सगळ्यात आशेचं वाटतं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण. सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखालच्या गटानं जिल्ह्याजिल्ह्यात जाऊन माणसांना बोलतं केलं, ते ध्वनिमुद्रित केलं आणि नकाशांसह वेबसाइटवर खुलं ठेवलं. ग्रिअर्सनच्या वेळी अधिकाऱ्याच्या टेबलावरून कागद फिरत होता. इथं अभ्यासक अंगणात जाऊन बसले. त्यांचं खरं वेगळेपण मला नकाशा काढण्याच्या पद्धतीत दिसतं. त्यांनी बोलींची नावं घेऊन रंग भरले नाहीत. एकेक शब्द घेतला, एकेक व्याकरणाची सवय घेतली आणि ती कुठं कुठं आढळते ते ठिपक्यांनी दाखवलं. ‘मुलगा’ला कुठं पोरगा, कुठं पोऱ्या, कुठं लेक. हे ठिपके जिल्ह्यांच्या सीमा जुमानत नाहीत, संमेलनांच्या सीमा तर नाहीतच. अशा नकाशात कोरी जागा उरत नाही. नाव नसलेलं गावही तिथं ठिपका होऊन बसतं.

माझी त्यांच्याकडं एकच मागणी आहे, तीही वाचक म्हणून. ठिपका ऐकू यावा. शब्दाचा नकाशा डोळ्यांना कळतो, पण ‘करू राह्यलो’मधला ‘ह्य’ कागदावर पोचत नाही. तो ‘र’नंतर येणारा श्वास आहे. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणासोबत पुढं ग्रामोफोनच्या तबकड्याही केल्या होत्या. त्यातल्या आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. खरखर आहे, पण शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचा गळा आहे. आता तर प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे आणि प्रत्येकाच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आत्या आहे. तिचे व्हॉइस मेसेज फोनची मेमरी भरली म्हणून सगळ्यात आधी उडवले जातात, आणि ‘निघत आहोत’ हा टाइप केलेला मेसेज मात्र राहतो. जागा कमी खातो ना.